मेडिकल पेपर, सायटेशन आणि एच-इंडेक्स: कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. इंटर्न, पीजी, प्रोफेसर, चिपळूण-सावंतवाडीकडचे प्रॅक्टिस करणारे डॉक्टर आणि कधीकधी पेशंटचे नातेवाईक असे सगळेजण संशोधकांच्या पेपरबद्दल आणि सायटेशनबद्दल विचारत असतात, काउंटरवर येऊन नाहीतर व्हॉट्सॲपवर. तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतेय. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. मॅडम, पब्लिकेशन रेकॉर्ड म्हणजे छापून आलेल्या पेपरांची यादीच ना?

यादी असतेच, पण त्या यादीत काय काय आहे ते वेगळं काढून बघावं लागतं. मूळ संशोधन, रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा), केस रिपोर्ट (एखाद्या पेशंटची हकिकत), संपादकाला लिहिलेलं पत्र, पुस्तकातलं एखादं प्रकरण हे सगळं एकाच यादीत येतं आणि बायोडेटावर फक्त "४० पब्लिकेशन्स" एवढंच दिसतं. मी कुणाचा रेकॉर्ड बघायला घेतला की आधी बघते की हा माणूस एकाच प्रश्नामागे किती वर्षं लागलाय. एकाच आजारावर दहा वर्षांत सहा पेपर असतील, आणि पुढचा पेपर मागच्याच्या पुढे जात असेल, तर मला ते दहा वेगवेगळ्या विषयांवरच्या तीस पेपरांपेक्षा मोलाचं वाटतं. मग नाव कितवं आहे ते बघते (प्रश्न ९) आणि जर्नल, म्हणजे पेपर छापणारं नियतकालिक, कुठलं ते सगळ्यात शेवटी.

२. सायटेशन म्हणजे नक्की काय?

दुसऱ्या कुणी आपल्या पेपरच्या शेवटी संदर्भांच्या यादीत तुमचा पेपर टाकला की ते एक सायटेशन. त्याने आत पाच ठिकाणी तुमचं नाव घेतलं तरी एकच धरतात. ही मोजदाद युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सुचवली आणि तेव्हा त्यांचा मुख्य हेतू होता शोधण्याचा, म्हणजे एखाद्या जुन्या पेपरवरून पुढे कुणी काय काम केलं ते सापडावं म्हणून. माणसांना मार्क देण्यासाठी ते वापरायला लागले ते नंतर. आजही सायटेशनचा सगळ्यात चांगला उपयोग तोच आहे असं मला मनापासून वाटतं, थीसिसचा विषय घेतलात की त्यातला एक चांगला जुना पेपर धरा आणि तो कुणी कुणी सायट केलाय ते बघत पुढे या, अर्धं रिव्ह्यू ऑफ लिटरेचर तिथेच होतं.

३. गूगल स्कॉलरवर माझी ३०० सायटेशन दिसतात, स्कोपसवर १४०, खरी कुठली?

दोन्ही खरी, कारण दोघं वेगवेगळ्या ढिगातून मोजतात. गूगल स्कॉलर इंटरनेटवर जे सापडेल ते धरतं, थीसिस, प्रीप्रिंट (तपासणीआधीच नेटवर टाकलेला पेपर), कॉलेजच्या साईटवर टाकलेली पीडीएफ, सगळंच. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस फक्त त्यांच्या यादीतल्या जर्नल-पुस्तकांमधली सायटेशन धरतात म्हणून आकडा कमी येतो. अर्ज भरताना आकड्यापुढे कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला घेतला ते लिहा, आणि एका संशोधकाचा स्कॉलरचा आकडा दुसऱ्याच्या स्कोपसच्या आकड्याशेजारी कधीच ठेवू नका, ही चूक सिलेक्शन कमिटीच्या कागदांतसुद्धा दिसते.

४. एच-इंडेक्स हाताने कसा काढायचा?

सोपं आहे. एच-इंडेक्स ५ म्हणजे तुमच्या पाच पेपरांना प्रत्येकी किमान पाच सायटेशन मिळालीत. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा ४८, २०, ११, ६, ५, २, ० अशी सात पेपरांची सायटेशन आहेत. आता वरून मोजत या: पहिल्याला किमान १ आहे का, दुसऱ्याला किमान २ आहेत का, असं करत पाचव्याला किमान ५ आहेत, सहाव्याला ६ पाहिजेत पण २ च आहेत, म्हणून थांबा. एच-इंडेक्स ५. जॉर्ज हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे काढलं. वरच्या उदाहरणातल्या संशोधकाचा आय-टेन इंडेक्स ३ येतो, कारण १० किंवा जास्त सायटेशनवाले पेपर तीनच आहेत, हा आय-टेन गूगल स्कॉलरचा स्वतःचा प्रकार आहे.

आता गंमत बघा, त्या ४८ च्या जागी ४०० झाले तरी एच-इंडेक्स ५ च राहतो. म्हणजे आयुष्यात एकच पण जबरदस्त पेपर लिहिणाऱ्याला हा आकडा न्याय देत नाही. आणि हा आकडा कधी खाली येत नाही, वय वाढलं की आपोआप थोडा वाढतोच.

५. माझा एच-इंडेक्स ४ आहे, फारच कमी आहे का?

कुणाशी तुलना करताय त्यावर आहे. ॲनाटॉमीवाल्याची तुलना कार्डिओलॉजी किंवा कॅन्सरवाल्याशी होत नाही, कारण त्या विषयांत पेपरच प्रचंड निघतात आणि प्रत्येक पेपरमागे संदर्भांची लांबलचक यादी असते, त्यामुळे सायटेशनचा पाऊसच वेगळा. नोकरीला लागून पाच वर्षं झालेल्याची आणि पंचवीस वर्षं झालेल्याची पण होत नाही. नवीन पेपरला पहिली एक-दोन वर्षं जवळजवळ काहीच मिळत नाही कारण ज्याने तो वाचला त्याला स्वतःचं काम करून, लिहून, रिव्ह्यूमधून (छापण्याआधीच्या तज्ज्ञांच्या तपासणीतून) पार पडून छापायला तेवढा वेळ लागतोच. ४ वाईट आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

६. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर ६ आहे म्हणजे माझा पेपर ६ चा झाला ना?

नाही. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो. एखाद्या वर्षाचा काढायचा तर त्याच्या मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला त्या वर्षी मिळालेली सायटेशन घ्यायची आणि त्या दोन वर्षांतल्या पेपरांच्या संख्येने भागायचं. ५०० सायटेशन, २०० पेपर, तर २.५. ही सरासरी आहे आणि त्यात थोड्या पेपरांनी बरीचशी सायटेशन ओढलेली असतात, बाकीच्यांना एखाद-दुसरं. पेटीवर देवगड छापलंय म्हणून आतला प्रत्येक आंबा देवगडचा असतो असं धरून आपण पैसे देत नाही, एक फोडून बघतो, तसा पेपर उघडून बघायचा.

शिवाय खालच्या संख्येत पत्रं आणि संपादकीय धरत नाहीत पण त्यांना मिळालेली सायटेशन वरच्या संख्येत येतात, त्यामुळे पत्रं-संपादकीय भरपूर छापणाऱ्या मोठ्या जर्नलांना फायदा होतो. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, ज्याला सगळे डोरा म्हणतात, हेच स्पष्ट म्हटलंय की जर्नलच्या आकड्यावरून माणसाचं काम जोखू नका. आपल्याकडे अजून ते पोचायचंय. अधिकृत इम्पॅक्ट फॅक्टर फक्त क्लॅरिव्हेट नावाची कंपनी देते, "ग्लोबल", "युनिव्हर्सल" असली नावं लावून आकडे विकणारे बरेच आहेत त्यांच्याकडे लक्ष देऊ नका (प्रश्न ११).

७. एस. सावंत नावाने शोधलं तर शेकडो निघतात, माझे पेपर कसे वेगळे करू? आणि लग्नानंतर आडनाव बदललं तर?

कोकणात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, सावंत, राणे, परब, कदम, नाव टाकलं की रांग लागते. त्यात आपण कधी वडिलांचं नाव मधे घालतो, कधी नवऱ्याचं, कधी नुसती आद्याक्षरं, आणि मशीन प्रत्येक वेळी वेगळा माणूस समजतं. एका डॉक्टर मुलीचे सात पेपर तीन प्रोफाईलमधे विभागलेले मी स्वतः एकत्र करून दिलेत. माहेरच्या नावाचे तीन, सासरच्या नावाचे तीन, आणि एकात एडिटरने नाव-आडनाव उलटं छापलेलं.

उपाय म्हणजे ऑर्किड (ORCID). १६ आकड्यांचा फुकट मिळणारा नंबर आहे, २०१२ पासून चालू आहे, शेवटच्या जागी कधीकधी एक्स असतो. पहिला पेपर पाठवायच्या आधीच काढा आणि प्रत्येक पेपरसोबत टाका. आडनाव बदललं तरी नंबर तोच राहतो आणि त्यात दोन्ही नावं नोंदवता येतात. स्कोपसमधे प्रोफाईल फुटलं असेल तर त्यांच्या ऑथर फीडबॅकमधून जोडायची विनंती करता येते. गूगल स्कॉलरवर मात्र उलटी काळजी घ्या, तिथे आपोआप दुसऱ्याचे पेपर आपल्या नावावर येऊन बसतात. ते काढून टाकणं तुमची जबाबदारी आहे, इंटरव्ह्यूला कुणी तो पेपर उघडून विचारलं तर काय सांगणार.

८. विंचू, फुरसं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), माकडताप यांच्यावर काम केलं तर सायटेशनच मिळत नाहीत, मग सगळे डायबेटिसवर लिहितात त्यात काय चुकलं?

हा प्रश्न पीजीची मुलं दरवर्षी विचारतात आणि याचं उत्तर मला नीट द्यायचंय.

सायटेशन मोजतं की तुमच्यानंतर त्या विषयावर किती जणांनी लिहिलं. डायबेटिसवर जगभर लाखो लोक लिहितायत. लाल विंचवावर लिहिणारे मूठभर, कारण तो विंचू मुख्यतः आपल्याच भागात आहे, आणि चावतो तो भाताचा पेंढा उचलणाऱ्याला, नाहीतर जांभ्याचे चिरे रचणाऱ्याला, जो पेपर लिहीत नाही. त्यामुळे आकडा कमी येणार हे विषय निवडतानाच ठरलेलं असतं, त्यात तुमच्या कामाचा दर्जा कुठे येतच नाही.

आता महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बघा. १९७६ मधे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि विंचू चावलेले पेशंट डोळ्यादेखत जाताना बघून त्यांनी प्रत्येकाच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं, यावरून पुढे हृदयाला धोका आहे हे आधीच ओळखता येतं, हे त्यांनी १९८२ साली लॅन्सेट या नावाजलेल्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे मांडलं. मग १९८६ मधे त्याच लॅन्सेटच्या ५१० आणि ५११ पानांवर त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा प्राझोसिनवरचा मजकूर आला. प्राझोसिन म्हणजे ब्लडप्रेशरची साधी तोंडाने घ्यायची गोळी, पण विंचवाच्या विषाने शरीरात जे ॲड्रेनालीनसारखं रसायन उसळतं त्याचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम ती थोपवते. ज्या विंचूदंशात आधी शंभरातले तीसेक दगावत तिथे ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. पुढे २०११ ला बीएमजे या दुसऱ्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे त्यांनी ७० पेशंटची ट्रायल छापली, निम्म्यांना नुसती प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाची लस (म्हणजे विषावरचं प्रतिविष), दहा तासांनी लसवाल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे आणि नुसत्या गोळीवाल्या ३५ पैकी ८. म्हणजे आपल्याच आधीच्या उपायाच्या पुढे नेणारं उत्तर त्यांनी स्वतःच छापलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

पबमेडमधे (मेडिकल पेपर शोधायची फुकट साईट, प्रश्न १०) आडनाव आणि मग एच एस अशी आद्याक्षरं टाका, पेपर वर्षवार लावा आणि वरून खाली वाचत या, एका माणसाने एका तालुक्यात बसून काय केलं ते दिसतं. प्रश्न १ मधे मी जे एकाच प्रश्नामागे लागण्याबद्दल म्हटलं ते हेच. ही यादी एखाद्या मोठ्या कॅन्सर लॅबच्या एच-इंडेक्सशेजारी ठेवली तर आकड्यात मागे पडेल कदाचित, पण दोन्ही आकड्यांचा अर्थ एक नाहीये.

आणि आकडा दाखवायचाच असेल तर विषयाप्रमाणे जुळवून घेतलेला दाखवा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी मेडिकल संशोधन संस्थेचं आयसाईट (iCite) नावाचं फुकट साधन आहे, त्यात पबमेडचा नंबर टाकला की तो पेपर आपल्या विषयातल्या इतरांच्या तुलनेत कुठे आहे ते येतं (१ म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांमधला मधला). क्लिनिकल ट्रायल किंवा गाईडलाईनमधे त्याला सायट केलंय का तेही तिथेच दिसतं. आपल्याकडच्या विषयांसाठी मला तो दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सर्पदंशाला डब्ल्यूएचओने २०१७ मधे दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे पेशंट सापडतायत, म्हणजे या विषयांवर इथून लिहिणारं माणूस जगाला हवंय.

९. पेपरवर माझं नाव चौथं आहे, मोजतात का? आणि एचओडींचं (विभागप्रमुखांचं) नाव घालावंच लागतं का?

एच-इंडेक्समधे पहिलं नाव आणि तेविसावं नाव सारखंच मोजलं जातं, म्हणून तर तो एकटा वापरायचा नसतो. वाचणारा मात्र बघतो. साधारण पद्धत अशी की पहिल्या नावाने प्रत्यक्ष काम केलेलं असतं, शेवटच्या नावाने मार्गदर्शन, आणि कॉरस्पॉन्डिंग ऑथर पत्रव्यवहार सांभाळतो.

एचओडींबद्दल बोलायचं तर आयसीएमजेई म्हणून मेडिकल संपादकांची जी समिती आहे तिचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा दुरुस्तीत सहभाग, शेवटच्या मजकुराला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेणं. नुसतं खातं चालवणं किंवा वॉर्डमधले पेशंट वापरू देणं यात बसत नाही, त्यांचे आभार मानायचे. हे एका पीजीला तोंडावर बोलणं सोपं नसतं याची मला पूर्ण कल्पना आहे. काम सुरू व्हायच्या आधीच, प्रोटोकॉल लिहितानाच, नावं आणि क्रम कागदावर घ्या, नंतर भांडण होतंच होतं.

१०. प्रमोशनला केस रिपोर्ट चालतो का? पबमेडला दिसतो म्हणजे झालं ना?

एमसीआयने (तेव्हाची भारतीय वैद्यकीय परिषद) २०२० मधे नियम बदलले तेव्हा मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज एवढंच धरलं, सुटा केस रिपोर्ट त्या यादीत नव्हता, आणि लेखक पहिल्या तिघांत किंवा कॉरस्पॉन्डिंग असायला हवा अशी अट होती. त्यानंतर तिच्या जागी आलेल्या एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नियम पुन्हा काढलेत, तेव्हा तुमच्या अर्जाच्या तारखेला कुठला नियम लागू आहे तो एनएमसीच्या साईटवरून डाउनलोड करून स्वतः वाचा, मित्राने फॉरवर्ड केलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका. युजीसी-केअर यादीचं (युजीसीने मान्य केलेल्या जर्नलांची यादी) पण तसंच, ती २०२५ मधे बंद झालीय तरी लोक अजून विचारतात.

दुसरा भाग: पबमेड, पबमेड सेंट्रल आणि मेडलाईन ही तीन वेगळी आहेत. मेडलाईन म्हणजे निवडून घेतलेली जर्नलं. पबमेड सेंट्रल म्हणजे पूर्ण मजकुराचा साठा. पबमेड हे शोधायचं दार, ज्यातून दोन्हीकडचं दिसतं. एखाद्या जर्नलचा एखादाच पेपर निधी देणाऱ्या संस्थेच्या अटीमुळे साठ्यात जमा झाला तरी तो पबमेडला दिसतो, त्यावरून ते जर्नल मेडलाईनमधे आहे असं होत नाही. एनएलएम (अमेरिकेची राष्ट्रीय मेडिकल लायब्ररी) कॅटलॉगमधे जर्नलचं नाव टाकून आता मेडलाईनमधे घेतात का ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

११. "पाच दिवसांत पेपर छापू, स्कोपस इंडेक्स्ड, फी अमुक" असा मेल आलाय, पाठवू का?

नको. खरा रिव्ह्यू पाच दिवसांत होत नाही. जेफ्री बील नावाच्या अमेरिकेतल्या लायब्रेरियनने अशा प्रकाशकांची यादी ठेवली होती, ती त्यांनी २०१७ ला काढून टाकली, त्यामुळे नेटवर फिरणाऱ्या तिच्या कॉप्या जुन्या आहेत. "स्कोपस इंडेक्स्ड" असं लिहिलं असेल तर स्कोपसच्या सोर्स लिस्टमधे आयएसएसएन (जर्नलचा ओळख नंबर) टाकून बघा, नाव टाकून बघू नका, कारण चांगल्या जर्नलचं हुबेहूब नाव घेऊन नकली साईट काढणारे आहेत. आणि बघताना "कव्हरेज बंद" असं लिहिलंय का तेही बघा, बऱ्याच जर्नलांना आधी घेतलेलं असतं आणि नंतर काढलेलं असतं.

फी घेतं म्हणजे फसवंच असंही नाही, ओपन ॲक्सेसवाली (कुणालाही फुकट वाचता येणारी) चांगली जर्नलं फी घेतातच. पण एकदा तिकडे छापलं की तोच पेपर दुसरीकडे देता येत नाही आणि परत मागायला गेलं तर परत पैसे मागतात. मुलामुलींचे दोन-दोन वर्षांचे थीसिस असे वाया गेलेले बघवत नाहीत.

१२. स्वतःचाच जुना पेपर सायट केला तर चीटिंग होतं का?

नाही. त्याच कामाचा पुढचा भाग असेल तर मागचा सांगावाच लागतो. खटकतं ते संबंध नसताना घुसवलेलं. स्कोपसमधे सेल्फ-सायटेशन वगळून आकडा बघता येतो, एखाद्याचा आकडा वगळल्यावर निम्म्यावर आला तर मी पेपर उघडून बघते. रिव्ह्यूअरने "माझे हे चार पेपर टाका" असं लिहिलं आणि ते विषयाला धरून नसतील तर नम्रपणे एडिटरला कळवा, घालायची सक्ती नाहीये.

१३. पेपर रिट्रॅक्ट झाला की त्याची सायटेशन पण जातात का?

जात नाहीत. अँड्र्यू वेकफिल्डचा लस आणि ऑटिझमचा लॅन्सेटमधला १९९८ चा पेपर २०१० मधे मागे घेतला गेला, तरी त्याची सायटेशन प्रचंड आहेत, त्यातली कितीतरी त्याला खोडून काढणारी. २०२० मधे कोविडच्या काळात लॅन्सेट आणि न्यू इंग्लंड जर्नल दोघांनी एकाच कंपनीच्या डेटावरचे पेपर मागे घेतले, ते पण सायट होत राहिले. म्हणून "शेकडो सायटेशन" दिसली की शीर्षकावर रिट्रॅक्टेड लिहिलंय का बघा. थीसिस सबमिट करायच्या आधी संदर्भांची यादी एकदा रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसशी ताडून घ्या, फुकट आहे.

१४. बॉम्बे ब्लड ग्रुप (अतिशय दुर्मिळ रक्तगट) सगळ्या जगाला माहीत आहे, मग त्याच्या मूळ पेपरला तेवढी सायटेशन का दिसत नाहीत?

कारण तो शोध पाठ्यपुस्तकात गेला. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ ला लॅन्सेटमधे तो छापला, आता रक्तपेढीत रोज कुणीतरी "बॉम्बे ग्रुप" म्हणतं आणि मूळ पेपर कुणी लिहीत नाही. शोध सर्वमान्य झाला की सायटेशन थांबतात. उलट एखादी मोजमापाची पद्धत सांगणारा पेपर आकाशाला भिडतो, लाउरी यांचा १९५१ चा प्रोटीन मोजायचा पेपर तीन लाखांच्या वर गेलाय कारण लॅबमधे ती पद्धत वापरली की तो लिहावाच लागतो.

१५. आमच्या सरांचं नाव "जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत" आलं, हे खरं असतं का?

यादी खरी आहे, स्टॅनफर्डच्या जॉन आयोनिडिस यांच्या गटाने स्कोपसच्या डेटावरून काढलेली. पण तिचे दोन भाग आहेत, एक अख्ख्या कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा, आणि वर्तमानपत्रात बातमी देताना कुठला ते बहुतेक लिहीत नाहीत. सेल्फ-सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे त्यातच दिलेत. एक्सेल फाईल उघडून बघा, कुणीही बघू शकतं. आणि ते स्टॅनफर्डने दिलेलं बक्षीस नाहीये, एका मोजणीचा निकाल आहे.

१६. आईचं ऑपरेशन मुंबईला करायचंय, ज्या डॉक्टरांचे पेपर जास्त त्यांच्याकडेच न्यावं का?

ऑपरेशनचा हात पेपरांवरून कळत नाही. नेहमीचं ऑपरेशन असेल तर पेपर बाजूला ठेवा. ते डॉक्टर वर्षाला अशी किती करतात, नंतरची काळजी कोण घेतं, रात्री-अपरात्री कणकवलीहून फोन केला तर उचलतं कोण, हे विचारा. आजार दुर्मिळ असेल तर मात्र पबमेडमधे आजाराचं नाव आणि सोबत मुंबई किंवा पुणे टाकून बघा, त्यावर सतत लिहिणारं कुणी असेल तर निदान त्यांनी असे पेशंट बघितलेत एवढं नक्की कळतं. तिथे सायटेशनचा आकडा अजिबात बघू नका, पेपरमधे किती पेशंट होते आणि पुढे त्यांचं काय झालं ते वाचा. वाचायला जड जात असेल तर पेपरचं नाव पाठवा, मी मराठीत समजावून सांगेन.